फिटची गोळी आणि तळपायाची आग: नसांच्या दुखण्याचा इतिहास

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतेय. आजची गोष्ट एका गोळीपासून सुरू होते.

गेल्या दिवाळीत मी कराडला घरी गेले होते. रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात बाबा अंधारात खुर्चीवर बसलेले. दोन्ही पाय गार फरशीवर टेकवलेले आणि पायांवर ओला पंचा. बाबांना १४ वर्षं शुगर आहे. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, चादर नुसती घासली तरी सहन होत नाही. हे मला फोनवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टरांनी काही दिलं नाही का?" मी विचारलं.

"दिलीय की गोळी. मी फोनवर बघितलं, ती फिटची गोळी हाय. मला काय फिट येती का?"

मागून आई म्हणाली, "आणि त्याच्या आधी दिलेली डिप्रेशनची निघाली. तीपण ठेवून दिली. म्हणे, मी काय वेडा झालोय?"

ड्रॉवरमध्ये दोन स्ट्रिपा होत्या, जवळजवळ भरलेल्या. औषध घरात होतं आणि माणूस रात्रभर जागा होता.

मी कोड लिहिते, डॉक्टर नाही. पण बाबांचा प्रश्न मला रास्त वाटला. दुखतोय पाय, मग गोळी फिटची का? याचं उत्तर शोधताना मी दीडशे वर्षं मागे गेले. तीच गोष्ट आज सांगते.

आधी थोडं, हे दुखणं वेगळं का

आपण मराठीत रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. आज मी नस म्हणेन तेव्हा मज्जातंतू समजा, म्हणजे मेंदूपर्यंत निरोप नेणारी वायर.

बोट कापलं की त्वचेतला सेन्सर निरोप पाठवतो, वायर तो पोचवते. सगळी सिस्टीम बरोबर चाललेली असते. नसेच्या दुखण्यात वायरच बिघडलेली असते. पायाला काही झालेलं नसताना ती "आग, आग" म्हणून ओरडते. आमच्या कामात सर्व्हर ठीक असताना अलार्म वाजत राहतो, तसं. पण लक्षात घ्या, अलार्म चुकीचा असला तरी रात्री झोपेतून उठवतो तो खराच. दुखणारा माणूस खोटं बोलत नसतो.

शुगर बरीच वर्षं जास्त राहिली की नसांना इजा होते, आणि सगळ्यात लांब नसांना आधी. सगळ्यात लांब नसा जातात पायाच्या बोटांपर्यंत, म्हणून सुरुवात पायापासून. नागीण होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने त्या पट्ट्यात आग होत राहते, तेही हेच दुखणं. नागिणीचं डोकं आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आपल्याकडे म्हणतात. खरं म्हणजे नागीण एखाद्याच नसेच्या वाटेने उठते आणि ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही. आणि झाला तरी त्या जुळण्याने कुणी मरत नाही.

फिलाडेल्फिया, १८६४

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. नव्या बंदुकांच्या गोळ्या हाडं फोडत होत्या आणि नसा फाडत होत्या. फिलाडेल्फियात टर्नर्स लेन नावाचं लष्करी हॉस्पिटल फक्त नसांच्या जखमांसाठी काढलं गेलं. तिथे सायलस वीअर मिचेल, जॉर्ज मोअरहाउस आणि विल्यम कीन हे तीन डॉक्टर काम करत होते. त्यांनी १८६४ साली बंदुकीच्या गोळीने नसांना होणाऱ्या इजांवर एक पुस्तक लिहिलं. नसांच्या दुखण्याचा अभ्यास सांगताना आजही सुरुवात तिथून होते.

त्यातली वर्णनं वाचताना मला धक्का बसला. जखम भरून आलीय, पण हाताची किंवा पायाची आग थांबत नाही. शेजारून कुणी चालत गेलं, वर्तमानपत्राचा कागद खडखडला, बाहेर लष्करी बँड वाजला, तरी कळ वाढते. सैनिक तो हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, सोबत पाण्याची बाटली बाळगायचे. काही जण तर बुटात पाणी ओतून चालायचे.

बुटात पाणी! मला स्वयंपाकघरातला तो ओला पंचा आठवला. दीडशे वर्षं आणि अर्धं जग मध्ये, इजाही वेगळी, पण माणसाने शोधलेला उपाय तोच.

मिचेलने या दुखण्याला नंतर नाव दिलं: कॉझॅल्जिया, ग्रीक भाषेत जळणारं दुखणं. कापून टाकलेला पाय जिथे होता तिथेच दुखतो, या अनुभवालाही त्यानेच 'फँटम लिंब' हे नाव दिलं. लष्करात नाटकी सैनिक कमी नव्हते, ते ओळखण्याचं कामही याच डॉक्टरांकडे होतं. तरी ज्यांच्या अंगावर जखम उरली नव्हती अशा माणसांच्या दुखण्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मला वाटतं, ही त्यांनी केलेली पहिली मोठी गोष्ट.

पण हाच मिचेल पुढे थकलेल्या, खचलेल्या बायकांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायची सक्ती करू लागला. त्या उपचारातून गेलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८९२ साली त्यावर एक गाजलेली कथा लिहिली, 'द यलो वॉलपेपर'. सैनिकांचं ऐकणारा डॉक्टर बायकांचं ऐकेलच असं नाही. न दिसणाऱ्या दुखण्यात कुणाचं खरं मानायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

सुई आली ती याच दुखण्यासाठी

मिचेलच्या वॉर्डात उपाय काय होते? ओल्या पट्ट्या, मालिश, वीज आणि मुख्य म्हणजे मॉर्फीनचं इंजेक्शन.

इंजेक्शनची सुरुवातच नसांच्या दुखण्यातून झालीय, हे मला माहीत नव्हतं. १८४४ मध्ये डब्लिनच्या फ्रान्सिस रिंडने चेहऱ्याच्या नसेच्या भयंकर कळांसाठी एका बाईच्या त्वचेखाली मॉर्फीनचं द्रावण सोडलं. १८५३ च्या सुमाराला एडिंबराच्या अलेक्झांडर वुडने पिचकारी आणि पोकळ सुई वापरून तेच केलं, तेही नसांच्या दुखण्यासाठीच. वुडला वाटत होतं की दुखऱ्या जागी टोचलं तरच गुण येतो. लंडनच्या चार्ल्स हंटरने १८५८ मध्ये दाखवलं की कुठेही टोचा, औषध रक्तातून सगळीकडे जातं.

कळ थांबायची, पण मॉर्फीन उतरलं की पुन्हा सुरू, आणि डोस वाढत जायचा. १९व्या शतकाच्या शेवटी सुईतून लागलेलं मॉर्फीनचं व्यसन हा अमेरिकेचा मोठा प्रश्न झाला होता. चांगला उपाय सापडला, पण तो रोज वर्षानुवर्षं घ्यायचा उपाय नव्हता.

उसन्या गोळ्या

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. फिटची गोळी का?

१९व्या शतकात आर्मां त्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की चेहऱ्याच्या नसेची कळ फिटसारखी येते. अचानक, विजेसारखी, आणि अचानक जाते. त्याने तिला फिटच्या जातीचंच दुखणं म्हटलं. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी गरज नसताना एकदम सिग्नल सोडतात. बिघडलेली नसही तेच करते, फक्त जागा वेगळी.

१९४२ मध्ये बर्गूइन्यां या फ्रेंच डॉक्टरने फेनिटॉइन ही फिटची गोळी या कळांसाठी वापरून पाहिली. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये गायगी कंपनीच्या वॉल्टर शिंडलरने कार्बामाझेपिन बनवलं. १९६२ मध्ये स्वीडनच्या सिग्फ्रिड ब्लूमने ते चेहऱ्याच्या कळांसाठी दिलं आणि चांगला गुण आला. आता गंमत बघा. अमेरिकेत या गोळीला १९६८ साली पहिली मंजुरी मिळाली ती नसेच्या दुखण्यासाठी. फिटसाठीची मंजुरी आली १९७४ मध्ये. म्हणजे ज्याला आपण 'फिटची गोळी' म्हणतो, ती तिथल्या सरकारी कागदावर ६ वर्षं फक्त नसेची गोळी होती!

डिप्रेशनच्या गोळीचंही असंच. अमिट्रिप्टिलिन अमेरिकेत १९६१ मध्ये डिप्रेशनसाठी आलं. मग लक्षात आलं की दुखणंही कमी होतंय. शंका साहजिक होती: मन बरं झालं म्हणून दुखणं कमी वाटतंय का? १९८७ मध्ये शुगरमुळे नसा दुखणाऱ्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत दिसलं की ज्यांना डिप्रेशन नाही त्यांनाही गुण येतो. डोसही सहसा डिप्रेशनच्या डोसपेक्षा कमी लागतो. मेंदूकडून पाठीच्या कण्यात खाली येणारे, दुखणं दाबणारे जे सिग्नल असतात, त्यांना ही गोळी जोर देते. तुम्ही वेडे आहात असा त्याचा अर्थ नाही, बाबा.

आणि गॅबापेन्टिन. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, सिग्नल शांत करणारं. त्याची नक्कल म्हणून हे औषध बनवलं, नावही त्यावरूनच दिलं. १९९३ मध्ये अमेरिकेत फिटसाठी मंजुरी मिळाली. १९९६ मध्ये कळलं की ते चिकटतं भलतीकडेच, नसांच्या टोकाला असलेल्या कॅल्शियमच्या दारांना. म्हणजे ज्या कारणासाठी बनवलं ते कारणच चुकलं होतं, तरी औषध चाललं. आमच्याकडे असा कोड बराच असतो. बाबांच्या ड्रॉवरमधली गोळी, प्रीगॅबालिन, याच घराण्यातली. ती अमेरिकेत २००४ च्या शेवटी आली.

या गोष्टीची एक काळी बाजूही आहे. गॅबापेन्टिनच्या कंपनीने मंजुरी नसलेल्या अनेक आजारांसाठी ते डॉक्टरांच्या गळी उतरवलं. डेव्हिड फ्रँकलिन या तिथल्याच कर्मचाऱ्याने १९९६ मध्ये कंपनीविरुद्ध दावा लावला. २००४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलर भरले. म्हणजे गोळी खरी होती, पण तिच्या जाहिराती तिच्यापेक्षा फार मोठ्या होत्या.

मग गोळी किती काम करते?

प्रामाणिक उत्तर: थोडं. २०१५ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त बऱ्याच चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांमध्ये आकडा ३.६ होता, प्रीगॅबालिनचा ७.७. अर्थ असा, की साधारण ८ जणांना प्रीगॅबालिन दिलं, तर खोटी गोळी दिली असती त्यापेक्षा एक माणूस जास्त असा निघतो, ज्याचं दुखणं निम्म्याने कमी होतं. बाकीच्यांना थोडा गुण, किंवा काहीच नाही. वर चक्कर, झोप, तोंडाला कोरड, वजन वाढणं हे वेगळंच. अमिट्रिप्टिलिन वयस्कर माणसांना आणि हृदयाच्या रुग्णांना जपून द्यावं लागतं.

हे आकडे वाचून मी आधी निराश झाले. मग वाटलं, बाबांनी स्ट्रिप फेकावी असं हे सांगत नाहीत. गोळीकडून किती अपेक्षा ठेवायची ते सांगतायत. उरलेलं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं.

गोळीशिवायचे उपाय

हा इतिहास तर गोळीपेक्षाही जुना. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने पायाच्या दुखण्यावर उपाय लिहून ठेवलाय: समुद्रकिनारी जिवंत विजेच्या माशावर पाय ठेवून उभं राहा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईपर्यंत. ते दुखणं वातरक्ताचं होतं, नसेचं नव्हे, पण विजेने दुखणं दाबायची कल्पना तिथली.

हे का चालत असावं, याचा पटण्यासारखा खुलासा मिळायला १९६५ उजाडलं. तोवर बहुतेक लोक देकार्तच्या चित्रासारखाच विचार करत होते: पायाशी आग, तिथून मेंदूपर्यंत एक दोरी, दोरी ओढली की वर घंटा वाजते. १९६५ मध्ये रोनल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की मध्ये, पाठीच्या कण्यात, एक फाटक आहे. स्पर्शाचे सिग्नल आले की ते दुखण्याला अडवतं, आणि मेंदूही वरून ते फाटक उघडतो किंवा लावतो. गुडघा आपटला की आपण चोळतो, ते उगाच नाही. या सिद्धांतातले तपशील पुढे बदलले, पण दुखणं वाटेत कमी-जास्त होतं ही मूळ गोष्ट टिकली. १९६७ मध्ये नॉर्मन शीली याने अमेरिकेत एका रुग्णाच्या पाठीच्या कण्याशी विजेचं यंत्र बसवलं. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज काही निवडक रुग्णांना बसवतात. फिजिओकडे पॅड चिकटवून वीज देतात ते यंत्रही याच कल्पनेतलं. काहींना बरं वाटतं, पण नसांच्या दुखण्यासाठी त्याचा पुरावा अजून कच्चा आहे, हेही सांगून ठेवते.

मग आपली मिरची. पोर्तुगिजांनी ती गोव्यात आणली आणि आपण ती आपलीच करून टाकली. तिच्यातलं कॅप्सेसिन नसेवरच्या ज्या सेन्सरला डिवचतं, तो डेव्हिड ज्युलियसने १९९७ मध्ये शोधला, त्यासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. तो सेन्सर उष्णतेचाही आहे, म्हणून तिखट 'जळतं'. भरपूर कॅप्सेसिन लावलं तर त्या नसेची टोकं काही आठवडे गप्प होतात. काट्याने काटा. ८ टक्क्यांचा पॅच दवाखान्यातच लावतात, घरी मिरची वाटून पायाला लावायची नाही, कृपा करून!

आरसाही आहे. चेन्नईत डॉक्टरकी शिकून अमेरिकेत गेलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात गमावलेल्या रुग्णांपुढे आरसा ठेवला. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसलं, आणि काही जणांची आवळलेली फँटम मूठ सुटली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जखमी सैनिकांवर आरशाची एक छोटी चाचणी झाली आणि दुखणं कमी झालं. मिचेलच्या सैनिकांचेच वारसदार ते.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो जॉन बोनिका. इटलीत जन्मलेला, अमेरिकेत भूलतज्ज्ञ झालेला, शिक्षणाचा खर्च भागवायला कुस्त्या खेळलेला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी हॉस्पिटलमध्ये त्याला दिसलं की अशा दुखण्यात एकट्या डॉक्टरचं चालत नाही. त्याने न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, मानसोपचारतज्ज्ञ यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये त्याचं दुखण्यावरचं मोठं पुस्तक आलं. कुस्तीने त्याचं स्वतःचं शरीर आयुष्यभर दुखत राहिलं. त्याच्याच विद्यापीठात, सिअ‍ॅटलला, विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवली: दुखलं की झोपून राहायचं आणि बरं वाटलं की एका दिवसात सगळी कामं करायची, या चक्राने माणूस आणखी अडकतो. त्याऐवजी रोज ठरलेलं, थोडं थोडं वाढवत चालायचं. मिचेलच्या सक्तीच्या विश्रांतीच्या बरोबर उलट.

परत कराडला

सुट्टी वाढवून मी बाबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. ही गोष्ट त्यांच्यासमोरच बाबांना सांगितली. डॉक्टर हसले, म्हणाले, "चूक माझीपण आहे. गोळी का देतोय ते मी सांगायला हवं होतं."

गोळी रात्रीची, अगदी कमी डोसपासून सुरू झाली. बी१२ तपासलं, कारण शुगरची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही नसा दुखतात. शुगरचं वेळापत्रक कडक झालं. रोज संध्याकाळी चालणं, आधी १० मिनिटं. ओला पंचा बंद, कारण भिजून मऊ झालेली त्वचा फाटते आणि शुगरवाल्याच्या पायाची जखम लवकर भरत नाही. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नाही. ज्या पायाची आग होते, त्याच पायाला चटका लागलेला कळत नाही. रोज रात्री आई बाबांचे तळवे टॉर्च लावून बघते.

बाबा एस.टी.त कंडक्टर होते, हिशोबाची सवय जुनी. डायरीत रोज आग १० पैकी किती ते लिहितात. दिवाळीत ८ होते. चार महिन्यांनी ५ आहेत, काही रात्री ६. शून्य होईल असं डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, "आग हाय गं, पण झोप लागती."

तुमच्या घरी कुणाच्या ड्रॉवरमध्ये अशी भरलेली स्ट्रिप असेल तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, डोस वाढवू नका, आणि घेत असाल तर एकदम बंदही करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांना हेही विचारा की ही गोळी मला का.

पुढच्या रविवारी भेटू. तोवर काळजी घ्या.